बाबांच्या नावचा गेम

नातीसाठी गेमचं मशीन घेताना दुकानदाराने विचारलं, "खातं कोणाच्या नावावर उघडू?" मुलाच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून बाबा चटकन म्हणाले, "घाला माझं नाव, द्या माझा नंबर." सारा जन्म शिवणयंत्रावर पाय मारण्यात गेलेल्या या माणसाने चटकन केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. (लग्नाला होकार द्यायलाही त्यांनी वर्ष घेतलं होतं. बायको म्हणते, अजून थोडं घेतलं असतं तर ती सुटली असती.)

नात खूश झाली. पुढे लेकीच्या घरीही तसलंच मशीन आलं. तिथे खेळणारे खुद्द जावईबापू, बँकेत साहेब. एकच गेम दोनदा कशाला विकत घ्यायचा, म्हणून बाबांनी तिथेही आपलंच नाव घातलं.

इथेच माशी शिंकली. कंपनीला चोरीची भारी धास्ती. एकाने घेतलेला गेम दहा जणांनी फुकट खेळू नये म्हणून तिचा नियम असा, की गेम एका वेळी एकाच घरात चालणार. दुसऱ्या घरात लावायचा तर मालकाच्या फोनवर कोड येणार. तो टाकला की पहिल्या घरातला गेम बंद. आणि कोड बघता बघता शिळा होणार. बाबांना चष्मा सापडेपर्यंत तर नक्कीच.

"बाबा, आकडे सांगा, लवकर!" फोनवर जावई.

"सांगतो हं. जेवलात का?"

"जेवलो. आकडे!"

"पहिला चार. का नऊ आहे हा?"

तेवढ्यात कोड मेला.

शेवटी दोन्ही घरांना एकच उपाय सुचला. फोनवाला माणूसच घरी आणून ठेवायचा. मग काय विचारता! "बाबा, या ना चार दिवस," लेक म्हणे. "तिकडे कसं करमतं तुम्हाला?" मुलगा म्हणे. लेकीने नवी उशी आणली. सून डॉक्टरांना न सांगता चहात साखर घालू लागली. बाबा पिशवी घेऊन इकडून तिकडे आनंदाने हिंडू लागले.

"अहो, एवढं प्रेम एकदम कुठून उतू जातंय?" बायकोने विचारलं.

"माया असतेच गं. दिसते उशिरा."

"मग मला कोणी बोलावत कसं नाही?"

यावर बाबांनी खूप विचार केला. मग पिशवी भरायला घेतली.

एका रविवारी ते लेकीकडून मुलाकडे आले. "आजोबा आले!" म्हणत नातीने धावत येऊन पिशवी घेतली. "फोन?"

बाबांनी खिसा चाचपला. "तुझ्या आत्याकडेच राहिला वाटतं."

नातीने पिशवी होती तिथेच, उंबऱ्यावर ठेवली. मुलाने स्कूटरची किल्ली उचलली.

"अरे, टेक जरा. आत्ताच तर आलो मी."

"आलोच बाबा!"

तो फोन घेऊन आला, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा. मग त्याच फोनवर बहीणभावाचं ठरलं. "आपण फोनच फिरवू. बाबांना उगाच दगदग."

बाबांनी ऐकलं. पिशवीचा बंद त्यांनी स्वतः शिवलेला होता. तो उगाच एकदा ओढून पाहिला. पक्का होता. "खरंय," ते म्हणाले, "दगदग होतेच."

तेव्हापासून फोन एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे असतो. बाबा आपल्या घरी असतात.

परवा संध्याकाळी त्यांना लेकीची फार आठवण झाली. शेजाऱ्याचा फोन मागून आणला. पण नंबर एकच पाठ, स्वतःचा. तोच लावला.

"कोण? बाबा?" पलीकडून लेक. "बाबा, ठेवा हो पटकन, कोड येतोय!"

बाबांनी ठेवला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"बरी आहेत सगळी. पहिल्याच रिंगला उचलला बघ. वाटच बघत होती."

"कोणाची?"

बाबा चष्मा शोधू लागले.