तिसरी गोळी

हिंजवडीपलीकडच्या भरे गावात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, मांसमच्छी खातो का तेही विचारलं नाही. ते नुसते माझ्या छातीकडे बघत राहिले. मग मनगटावरचं घड्याळ, पुन्हा छाती. शर्टावर सकाळचे पोहे सांडलेत की काय म्हणून मीही खाली बघून घेतलं. पुरतं एक मिनिट झाल्यावर ते म्हणाले, "बावीस. जास्ती हायेत. निवांत मानसाला मिनटाला सोळा श्वास लागत्यात. पन ऱ्हावा तुमी, सुधरंल."

हे सुभेदार नाना. चोवीस वर्षं फौजेच्या इस्पितळात होते. ज्या जवानांना आपला आपण श्वास घेता येत नाही त्यांना यंत्रावर ठेवायचं, नळ्या सांभाळायच्या, आणि बरे होऊ लागले की पुन्हा श्वास घ्यायला शिकवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा पारावर सगळा गाव बंदुकीच्या गोष्टी ऐकायला जमला होता. नानांनी दोन तास ऑक्सिजनच्या नळीला बाक आला तर काय होतं ते सांगितलं. तेव्हापासून पारावर त्यांना कोणी काही विचारत नाही.

पण गावाने त्यांचा उपयोग मात्र सोडला नाही. हा माणूस हवेतलं काहीतरी जाणतो एवढं गावाला कळलं होतं, म्हणून मी राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी एकजण ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन आला. नानांनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि ट्यूबवरून हात फिरवत फिरवत एका जागी थांबले. "हितं. बारीक शिट्टी हाय. दमा न्हाई, भोक हाय." तिथेच भोक निघालं. नानांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या, कुकरची शिट्टी बिघडली की नाना तोही तपासतात आणि रबर बदलायचं की नाही याचा निकाल देतात.

मागे एकदा सूस गावचा एक जमिनीचा एजंट आला होता. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, हातात रंगीत नकाशे. तो ओट्यावर बसून रस्ता कसा रुंद होणार, भाव कसा चढणार ते सांगत होता. नाना घड्याळ बघत होते. एजंटाला वाटलं, माणूस घाईत आहे, म्हणून तो आणखी भराभर बोलायला लागला. शेवटी नाना म्हणाले, "अठ्ठावीस. एक तर तुमी खोटं बोलताय, न्हाईतर जिना चढून आलाय. आमच्याकडं जिना न्हाई." तो चहासुद्धा न घेता गेला.

आता सकाळच्या परेडबद्दल सांगतो. बरोबर सात वाजता आम्ही चारही भाडेकरू अंगणात ओळीत उभे. प्रत्येकाच्या हातात तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र, ऑपरेशन झालेल्यांना दवाखान्यात देतात ते. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. पहिली गोळी कोणाचीही उडते, दुसरीला जोर लागतो आणि तिसरी वर जाऊन टिकायला छाती पाहिजे. पहिल्या दिवशी मी, सगळे करतात तसं, जीव खाऊन फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. "फुकायचं न्हाई," नाना म्हणाले, "दुनिया फुकतीच हाय. आपन खेचायचं." यंत्रांवर त्यांनी ऑइलपेंटने नावं घातली होती. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून जिल्ह्यावरून, माझ्या यंत्रावर 'लातूर', शेजारच्या खोलीतल्या पॅकिंगवाल्यावर 'नांदेड'. रांगेच्या टोकाला मावशी. त्यांच्या यंत्रावर नुसतं 'सौ.'

हिंजवडीच्या आमच्या टीमचा रोजचा कॉल नेमका सव्वासातला. एकदा मी माइक बंद करायला विसरलो आणि सगळ्या टीमने "खेच, धर, सोड, लातूर कमी पडतंय" हे ऐकलं. मग आमच्या मॅनेजरने मला हळूच विचारलं की तू नक्की घरीच आहेस ना.

यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे यंत्र तिरपं धरणं. जरा कललं की गोळ्या आपोआप वर जातात. नांदेडने एकदा तसं केलं, तर नानांनी त्याला "गद्दार" म्हणून आठवडाभर यंत्र दोन्ही हातांनी छातीसमोर धरायला लावलं. मी मनातल्या मनात त्यांना विक्षिप्त म्हातारा म्हणून मोकळा झालो होतो.

परेडचं खरं कारण मला नांदेडनेच सांगितलं. गेल्या हिवाळ्यात मावशींना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज व्यायाम करून पुढच्या हिवाळ्यातल्या तपासणीच्या तारखेपर्यंत छाती मोकळी झाली नाही तर घरात ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल. नाना म्हणाले, माझ्या घरात यंत्र येणार नाही. पण मावशी एकट्या ती नळी तोंडात धरायला लाजायच्या. शेजारणी हसतील म्हणायच्या. म्हणून नानांनी सगळ्या भाडेकरूंना हसण्याजोगं करून टाकलं होतं.

हे कळल्यावर मी टोकाकडे लक्ष द्यायला लागलो. मावशींच्या दोन गोळ्या चढायच्या, तिसरी थरथरून खाली बसायची. मग नाना जायचे, "हात कापतोय तुजा, आन हिकडं," म्हणायचे आणि यंत्र स्वतः धरायचे. तिसरी गोळी वर. "शाब्बास." मला दिसलं, यंत्र तिरपं होतं. नांदेडलाही दिसलं. आम्ही दोघं समोरच्या चिंचेकडे बघत राहिलो. पण मला खरंच भीती वाटली. आता डॉक्टरांनी सांगितलेली तारीख आली की काय होणार?

नोव्हेंबरात नाना हयातीचा दाखला द्यायला पौडला गेले. जाताना चिडलेले. "जिवंत हाय का बगायला अंगठा कशाला लागतोय? श्वास मोजा की." मी त्या दिवशी घरून काम करत होतो. पाणी प्यायला उठलो तर मागच्या पडवीत मावशी भिंतीला टेकून उभ्या. हातात यंत्र, आणि यंत्र अगदी सरळ. त्यांनी श्वास ओढला. एक, दोन, आणि तिसरी गोळी वर जाऊन चिकटली ती चिकटलीच. मी आपोआप आकडे मोजले. चार सेकंद.

मला बघून त्यांनी यंत्र पदराआड केलं.

"मावशी, नानांना सांगा की. केवढे खूश होतील."

"महिना झाला असंच चडतंय," त्या म्हणाल्या. "पन सांगितलं की परेड बंद. मग ह्यांनी काय करायचं?"

त्या पायरीवर बसल्या.

"तुमाला सांगते. चोवीस वर्सं ह्यांनी लोकान्ला श्वास दिला. पन ती मानसं बेशुद. शुदीवर आली की दुसऱ्या वार्डात. कुनी दिला, त्येंना कुटं ठावं? एकाचं पत्र न्हाई आलं कदी. ह्यांच्या हाताखाली बरं झालेलं, आनि हितंच ऱ्हायलेलं, मी एकलीच हाय."

मग जरा हसल्या. "मी दवाखान्यात व्हते तवा ह्यांचे तीस झालते. मी पडल्या पडल्या मोजत व्हते. आता तिसरी गोळी वर गेली की सोळावर येत्यात. रोज बगते मी."

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही ओळीत उभे होतो. माझी तिसरी गोळी अर्ध्यात अडकली. नांदेडची वर गेली. मावशींनी पहिली उडवली, दुसरी उडवली आणि तिसरीला थरथर थरथर करून इतकी बेमालूम खाली बसवली की मीच क्षणभर घाबरलो.

"हात कापतोय तुजा," नाना म्हणाले. "आन हिकडं."

त्यांनी यंत्र घेतलं, जरासं तिरपं धरलं आणि दुसरा हात मावशींच्या पाठीवर ठेवला. गोळी वर गेली.

"शाब्बास."

मावशी गोळीकडे बघतच नव्हत्या. त्या नानांच्या सदऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने मला चहा द्यायला आल्या तेव्हा कप हातात देता देता हळूच म्हणाल्या, "सोळा."