बटणांची बाजू

आजीच्या शिलाईत चूक निघत नाही. हे खुद्द आजीनेच सांगितलंय, त्यामुळे वादच मिटला! शाळा तिने तिसरीत सोडली, पण दीड खिडकीच्या खोलीत मशीन मांडून चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवले.

विद्यापीठात उद्योजकता शिकणारी नात तोंड पाडून आली, तेव्हा आजीने कात्री खाली ठेवली.

"प्रयोगशाळेचे कोट विकायची कल्पना माझी, खिसे कुठे हवेत ते माझं डोकं! आणि गटाने संचालक केला त्या टायवाल्याला. स्पर्धेत परीक्षकांपुढे तोच बोलणार. म्हणे, मुलगा उभा राहिला की वजन पडतं."

"आणि तू?"

"पाहुण्यांना पाणी द्यायचं."

"वजन पडतं? मेला माणूस आहे की वरवंटा!" आजी कडाडली. "कोट मी शिवते. बोलणार तूच! बघतेच मी!"

बघणार म्हणजे काय करणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण चार कोट झाले आणि स्पर्धेच्या दिवशी ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

टायवाला मंचावर आला. "आमचा कोट तीन सेकंदांत चढतो!"

बाह्या चढल्या. बटणं लागेनात! बोटं उजवीकडे चाचपतायत, बटणं डावीकडे ऐटीत बसलेली. दोन मित्र मदतीला धावले. एकाने घाईत टायच काजात कोंबला. दुसऱ्याचं कोपर नातीच्या हातातल्या पाण्याच्या ट्रेला लागलं आणि भाषणाच्या कागदांची आंघोळ झाली.

"कोटच चुकलाय!" टायवाला ओरडला. "बटणं बायकांच्या बाजूला लावलीत!"

आजीने मान उंचावून पाहिलं. बटणं खरंच डावीकडे! हाताची चाळीस वर्षांची सवय! पण गप्प बसेल ती आजी कसली? ताडकन उठली.

"चूक शिलाईची नाही, तुमच्या हातांची आहे!"

सभागृह हसलं. नातीने ओला ट्रे खाली ठेवला, कोट चढवला, खटाखट बटणं लावली आणि माइक ओढून घेतला.

"प्रयोगशाळेत निम्म्याहून जास्त मुली आहेत. आजवर मुलांच्या मापाचे, मुलांच्या बाजूचे कोट घालतोय आम्ही. कुणी विचारलं? हा पहिला कोट आमचा. मुलांनाही शिवून देऊ. मागितला तर!"

"या गटाचा संचालक कोण?" परीक्षकांनी विचारलं.

काजात अडकलेल्या टायसकट टायवाल्याने नातीकडे बोट केलं.

प्रयोगशाळेच्या कोटांचं काम नातीलाच मिळालं. तिथले सर म्हणाले, "आजी, मुलांचे कोट तेवढे पुरुषी बाजूचे हं!"

"त्यात काय मोठंसं!" आजी म्हणाली.

घरी येऊन नमुन्याला तिने आजोबांचा सदरा खुंटीवरून काढला. तिनेच शिवलेला. बटणं डावीकडे! दुसरा काढला. डावीकडे! तिसरा तर आजोबांच्या अंगावरच होता. तोही तसाच!

"अहो, ही तर बायकांची बाजू! इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

आजोबांनी पेपर जरासा खाली केला.

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बोललो होतो."

"मग?"

"तू म्हणालीस, चूक शिलाईची नाही, तुमच्या हातांची आहे."