अमेरिकेत न खपलेले

भालेरावकाका माणसाचा फोटो बघून तो खपेल की नाही ते सांगत. माणूस कुठलाही चालायचा. नगरपालिकेच्या निवडणुकीचं पोस्टर असो, शेजारच्या मुलीला आलेलं स्थळ असो, नाहीतर साबणाच्या जाहिरातीतली बाई असो. चष्मा कपाळावर सरकवायचा, फोटो हातभर लांब धरायचा आणि निकाल द्यायचा. "नाही खपणार. हात बघा कुठे ठेवलेत." आमच्या बदलापूरच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या लग्नाचा अल्बम बघून ते म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. पण असा चांगला माल गोडाऊनमध्येच राहतो." मुलाच्या आईने त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला.

हा अधिकार त्यांना अमेरिकेमुळे मिळाला होता. म्हणजे ते अमेरिकेत गेले नव्हते. अमेरिकाच पोत्यात भरून त्यांच्याकडे आली होती.

काका अंबरनाथ एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पाइपसाठी लागणारं प्लास्टिकचं भंगार उल्हासनगरचा एक सिंधी शेठ पुरवायचा. जुन्या चपला, वायरींची सालं, फुटक्या बादल्या, आणि त्यांच्यात मधूनच अमेरिकन गाण्यांच्या रेकॉर्डी. ज्या रेकॉर्डी तिकडच्या दुकानांत पडून राहत, त्यांच्या कव्हरचा एक कोपरा कापायचे आणि वजनावर विकून टाकायचे. त्या बोटीने इथे येत. कामगार कव्हर फाडून काढत, मधला कागदाचा गोल पाडून टाकत, कारण मालात कागद गेला की पाइपला फोड येतात. मग रेकॉर्ड ग्राइंडरमध्ये. "तिकडे नापास, इकडे नळाचा पाइप," काका म्हणायचे.

एकदा एक पोतं फाटलं आणि एक कव्हर त्यांच्या पायाशी येऊन पडलं. मोडक्या फाटकावर बसलेले चार दाढीवाले आणि पुढे एक कोंबडी. "मी म्हटलं, ही तर आपल्या वांगणीकडची माणसं! यांना कुठे ग्राइंडरमध्ये घालायचं?" त्यांनी शेठला विचारलं. शेठ हसला. "अरे भालेराव, ये कचरा घर ले जाके क्या करेगा? ले जा साईं, पण जितना वजन उठाया, उतना प्लास्टिक वापस डाल." तेव्हापासून भालेरावांच्या घरातले मग, डबे आणि न तुटलेल्या चपलासुद्धा कारखान्यात जाऊ लागल्या. काकूंनी एकदा अंघोळीला बसल्यावर हाक मारली होती म्हणे, "अहो, आज अंघोळीचा मग कोणत्या गवयाला दिलात?"

सगळं संगीत एकाच जातीचं. कव्हरच्या मागे लिहिलेलं असायचं, कंट्री रॉक. काकांचं भाषांतर, "गावठी, पण विजेवर चालणारं." त्यात एक आडवी ठेवून वाजवायची गिटार असते. तिचा सूर एका जागी उभा राहत नाही, हुंदका आवरता आवरता घसरावा तसा घसरतो. काकांना ती फार आवडायची. न खपलेलंच सगळं इथे येत असल्यामुळे अमेरिकेतलं गाजलेलं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. माझ्या भाच्याने एकदा त्यांना फार खपलेली एक सीडी ऐकवली. काकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण घाईत आहे बिचारा."

मी या सोसायटीची सेक्रेटरी. मी यादी केल्याशिवाय दूधसुद्धा आणत नाही. काकांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बुद्धमूर्तीच्या खालपासून खिडकीपर्यंत लागलेल्या त्या रेकॉर्डी बघून माझे हात शिवशिवले. "काका, मी नावांप्रमाणे लावून देते. सापडायला सोपं."

"लावलेल्याच आहेत, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले. "हा खण टोपीमुळे गेलेल्यांचा. डोक्यावर असली टोपी घातल्यावर कोण विकत घेणार? हा घोड्यामुळे गेलेल्यांचा. घोडा देखणा असला की माणसाकडे कोणी बघत नाही. हे बायकोला गायला घेतलेले."

"आणि हे खालचे दोन खण?"

"ते विनाकारण गेलेले."

रेकॉर्डी ते रिठ्याच्या पाण्याने धूत आणि भांड्यांच्या जाळीत उभ्या करून वाळवत. पावसाळ्यात बारवी धरणाचं पाणी नळाला गढूळ आलं की धुणं बंद. "रेघांत गाळ बसतो. मग गाणाऱ्याला सर्दी होते." ऐकायची वेळ रविवारी दुपारी, लोडशेडिंग नसेल तेव्हा. मध्येच वीज गेली तर गाणाऱ्याचा आवाज जड होत होत बंद पडे आणि खालून पोरं ओरडत, "काका, गोरा झोपला!"

पण या दुपारींची खरी मालकीण होत्या सुमनकाकू. काकांचं इंग्रजी कारखान्यापुरतं आणि ते गायक तोंडात पान धरल्यासारखे गात, त्यामुळे शब्द कोणालाच कळत नसत. काकू बालवाडीच्या शिक्षिका होत्या. गाणं संपलं की त्या कव्हरवरचं चित्र बघत आणि गाण्यात काय झालं ते सांगून टाकत. एका कव्हरवर तारेच्या कुंपणापाशी ट्रंक घेऊन उभा असलेला माणूस होता. काका म्हणाले, हा गाव सोडून चाललाय. काकू म्हणाल्या, "चालणारा असा उभा राहतो का? हा सोडायला आलाय. ट्रंक बहिणीची आहे. तिला सासरी परत जायचं नाही."

"बहीण कुठाय चित्रात?"

"ती रडून घेतेय झाडामागे. फोटोवाल्यासमोर रडेल का?"

काका हरत. ते नेहमीच हरत. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीही भेटलं की काकूंचीच गोष्ट स्वतःची असल्यासारखी सांगत. भाचा एकदा म्हणाला, "काका, मी शब्द ऐकून खरा अर्थ सांगू?" काकांनी हात जोडले. "राहू दे रे बाबा. अर्थ लागलाय आमचा."

मग काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना समजतं सगळं, बोलत राहा. शब्द परत येतील, कदाचित येणारही नाहीत.

काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे प्रधान तक्रार घेऊन माझ्याकडे आले. औषधांच्या कंपनीत विक्री अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. काकांच्या मते आमच्या सोसायटीतला एकमेव खपलेला माणूस. "मॅडम, रोज दुपारी तेच गाणं पुन्हा पुन्हा. मध्ये हे गृहस्थ मोठ्याने भाषण करतात. मग एकदम शांतता. मग परत तेच गाणं. माणसाने झोपायचं कधी?"

मी वर गेले. दार उघडंच होतं. काकू दिवाणावर उशांना टेकून बसलेल्या. काकांनी रेकॉर्डवरची सुई उचलली, ते ट्रंकवाल्याचं कव्हर काकूंसमोर धरलं आणि वर्गात शिकवावं तसे मोठ्याने म्हणाले, "तर हा निघालाय मुंबईला. नोकरी लागलीय. गाडीची वाट बघतोय. एकदम खूश आहे."

माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो काका, असं कुठे? तो तर बहिणीला..."

काका ताडकन उठले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. रागावतील असं वाटलं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे."

"म्हणजे?"

"मी चुकीचं बोललो आणि तिने ते सोडून दिलं, असं लग्न झाल्यापासून कधी झालेलं नाही. पाहुण्यांना माझं वय कमी सांगितलं तरी सगळ्यांदेखत दुरुस्त करायची. मग म्हटलं, रोज चुकू या. एखाद्या दिवशी तिला राहवणार नाही." त्यांनी बाहेर डोकावून बघितलं. "गोष्ट सांगून झाली की मी गप्प बसतो. तिला जागा ठेवतो."

प्रधानांना मी हे जिन्यातच सांगितलं. ते कठड्याला हात लावून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर काकांच्या दारात हजर. "मी एक प्रयत्न करू का? लोकांना पटणार नाही असं बोलायचा मला बराच अनुभव आहे."

काकांनी कोंबडीवाल्यांची रेकॉर्ड लावली. ते चौघे भाऊ, वाटणीला एकच कोंबडी उरलेली आणि ती कोणी कापायची यावर कोणाचंच तोंड उघडत नाही, अशी काकूंची ती गोष्ट साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होती. प्रधानांनी घसा साफ केला. "हे चौघे पोल्ट्रीचे डीलर आहेत. टार्गेट पूर्ण झालंय, आता पार्टी आहे. कोंबडीलासुद्धा आनंद झालाय."

"वा!" काका हरखून म्हणाले. "प्रधान, फार चुकलात!"

काकूंच्या ओठांची डावी कड हलली. "आलं, आलं, ओठावर आलं," काका पुटपुटले. आम्ही तिघेही पुढे वाकलो. काकूंनी प्रधानांकडे पाहिलं, मग काकांकडे. डावा हात सावकाश उचलून त्यांनी ते कव्हर पालथं घातलं. बस, एवढंच. प्रधानांनी घाम पुसला.

काका मात्र पुढे कितीतरी दिवस वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "चिडली! चिडली म्हणजे निम्मं काम झालं."

उरलेलं निम्मं झालं नाही. थंडीत दुसरा झटका आला आणि काकू गेल्या. शेवटपर्यंत शब्द आला नाही. बुद्धवंदनेला सगळी सोसायटी पांढऱ्या कपड्यांत जमली. काका आल्यागेल्याला बसायला सतरंजी पसरून देत होते. ते रडले नाहीत.

त्यानंतर वरचा आवाज बंद झाला. प्रधान परत माझ्याकडे आले. बराच वेळ पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. निघताना म्हणाले, "मॅडम, दुपारी झोप लागत नाही हो. वरून काही ऐकूच येत नाही. याची तक्रार कुठे करायची?"

मग एका रविवारी ऐकू आलं. अगदी बारीक, दाराला कान लावल्याशिवाय कळू नये इतकं. मी गेले. काका दिवाणाच्या कडेला बसले होते. मला बघून त्यांनी मानेनेच बसायला सांगितलं. ती आडवी गिटार घसरत घसरत थांबली. काकांनी सुई उचलली. ट्रंकवाल्याचं कव्हर त्यांच्या मांडीवर होतं.

"हा भाऊ आहे," ते म्हणाले. "सोडायला आलाय. ट्रंक बहिणीची. तिला सासरी जायचं नाही, हे त्याला माहीत आहे. पण घरात एकच खोली आणि त्यालाही बायको-पोरं. म्हणून तो देवाकडे एवढंच मागतोय की गाडी जरा उशिरा येऊ दे."

मी वाट बघत राहिले. मुंबईची नोकरी आली नाही, पार्टी आली नाही. काकू जिथे थांबायच्या तिथेच ते थांबले होते. "झाडामागे" हा शब्द मात्र त्यांना उशिरा आठवला. ते दचकले, पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागले आणि या वेळी बहीण झाडामागे रडून घेतेय हे विसरले नाहीत.

"बरोबर सांगितलंत, काका," मी म्हटलं.

"सांगायलाच हवं," ते कव्हरवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत म्हणाले. "आता चुकलो तर ते तसंच राहील हो."