तात्यांचा ब्रेकआउट

"अगं म्हशे! मार हिसका! तोड दावं!"

भुकूममध्ये राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी बाजार उघडायच्या सुमारास, घरमालकांच्या गोठ्यातून ही आरोळी ऐकली आणि म्हैस सुटली असं समजून मी जिना उतरत धावलो. गोठ्यात म्हैस नव्हतीच. गव्हाणीवर लॅपटॉप होता आणि त्याच्यासमोर टोपी घातलेले घरमालक तात्या पाटावर बसून शेअरबाजार हाकत होते.

जमीन विकली, मग म्हशी विकल्या, मग घरमालकीण काकूही वारल्या. उरलेल्या घरात खोल्या भाड्याने देऊन तात्या फ्यूचर्सचे सौदे करत. म्हणजे थोडी रक्कम ठेवून भलामोठा सौदा उचलायचा आणि बाजार बंद होण्याआधी मोडायचा. भाव थोडा जरी उलटा फिरला तरी ठेवलेली रक्कम गिळून टाकतो. त्यांची पद्धत ब्रेकआउटची. ती त्यांनी मला कडबा टाकावा तशी समजावली.

"सर, भाव म्हंजे बांदलेली म्हस. सकाळधरनं दाव्यापुरतीच फिरती. सकाळच्या सगळ्यात वरच्या भावाची रेघ वलांडली, म्हंजे दावं तुटलं. आपन शेपटी धरायची आन् पळायचं."

"आणि दावं तुटलंच नसलं तर?"

"मग ती मागारी येती की. आपल्याच अंगावर!"

ती बहुतेक वेळा अंगावरच यायची. भाव रेघेवर डोकं काढायचा, तात्या खरेदी करायचे आणि भाव गरकन खाली. यावर उपाय म्हणजे स्टॉपलॉस, ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप मोडणारी ऑर्डर. तात्यांना ती नीट लावता यायची, मला शिकवलीही त्यांनीच. पण स्वतः लावायचे नाहीत. मी वैतागून बोललो, की "लावतो, लावतो," म्हणत तंबाखू मळायचे.

तेवढ्यात फोन वाजायचा. डोंगरापलीकडे हिंजवडीत राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा, संदीपचा. खातं त्यानंच उघडून दिलेलं, सौद्याचे मेसेज त्यालाही जायचे.

"तात्या, स्टॉपलॉस कुठंय?"

"आरं, लावतोय. तू जेवलास का?"

"आधी सौदा मोडा!"

"मोडतो. पोरीचा खोकला गेला का?"

पलीकडून ओरडा चालू आणि इकडे तात्यांच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाच्या यजमानासारखं समाधान. पैसे घालवून इतका खूश होणारा माणूस मी पाहिला नव्हता. कोडगेपणा म्हणतात तो हाच, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी म्हैस फारच जोरात अंगावर आली. खोल्यांचं वर्षभराचं भाडं चहा निवायच्या आत गेलं. रविवारी संदीप आला, बापाला समोर बसवून खातं बंद करायला लावलं, अर्धा कप चहा पिऊन निघून गेला. मला बरं वाटलं. म्हातारा आता तरी वाचला.

सोमवारी गोठ्यातून आवाज नाही. काळजीनं डोकावलो. लॅपटॉपवर भाव नुसता दिसत होता, आणि नेमका त्याच दिवशी दावं खरंच तुटलं होतं. रेघ ओलांडून भाव सुसाट वर चालला होता.

"तात्या, आज ब्रेकआउट खरा निघाला की हो!"

"जाऊ द्या तिला." त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "सर, एक काम करता का? संदीपला जरा माझी चुगली करा. तात्यानं चोरून दुसरं खातं काढलंय म्हनावं."

"पण तुम्ही तर काढलं नाही!"

"न्हाई ना. पर आता त्याला माजा घोरच न्हाई राह्यला. कशापायी करंल फोन?"

कोडगा ठरवलं होतं मी या माणसाला. जिन्यावर जाऊन संदीपला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून चुगली केली.

खाली लगेच मोबाईल वाजला. तात्यांनी तो हातात धरला, टोपी सारखी केली आणि थोडा वेळ वाजू दिला. मग उचलला.

"आरं, जेवलास का?"