पैलवानाची येळवस

दिवाळीत पैलवानाने तात्यांना अंगणात आडवे केले, तेव्हाच त्याची बदली मुखेडला ठरली होती.

पैलवान म्हणजे नांदेडच्या उज्वलाबाईंचा बॉक्सर कुत्रा. नाक चपटे, गाल लोंबते, छाती रुंद आणि डोक्यात मेंदूच्या जागी निव्वळ आनंद. दारात कुणी आले की तो मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढचे दोन्ही पाय पाहुण्याच्या खांद्यावर टाकायचा आणि त्याचे तोंड लाळेने धुऊन काढायचा. चावणे त्याला ठाऊकच नव्हते. पण उताण्या पडलेल्या माणसाला हे समजावून सांगायचे कसे?

लेक देविकाने हट्ट करून त्याला आणले आणि स्वतः शिकायला पुण्याला निघून गेली. घरात उरले उज्वलाबाई आणि त्यांचे यजमान हरिओमराव. यजमान संध्याकाळी आले की टीव्हीपुढे बसत. शाळेतून बाई परतल्यावर जीव टाकून धावत येणारा घरात एकच होता. बाईंचा त्याच्यावर जीव होता आणि तो त्या लपवीत नसत.

हरिओमरावांचे वडील ग्यानोबातात्या मुखेडजवळ शेती करीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला नांदेडला या म्हटले की कधी पेरणी आडवी यायची, कधी खळ्यातली रास. दिवाळीपासून त्यांना आणखी भक्कम कारण मिळाले.

"डोळ्याला पट्टी बांधून त्या जनावराच्या घरात राहू व्हय?" तात्या फोनवर म्हणाले. "त्येला हितं वावरात आणून बांधा. रानडुकरं तरी भितील."

"तात्यांचं बरोबर आहे," हरिओमराव म्हणाले. "एक तर डोळा, नाहीतर कुत्रा."

"येळवशीच्या सणापर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "येळवशीला तो वावरात येईल आणि तात्यांच्या अंगाला पंजा लावणार नाही. लावला, तर तिथंच ठेवून येऊ. माझा शब्द."

"आणि त्यानं ऐकलंच नाही तर?"

"अहो, मी आठवी 'क'ला गणित शिकवते."

हरिओमरावांनी टीव्ही लावला.

बाईंनी मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहिले आणि नियम केला. पैलवानाने उडी मारली की पाठ फिरवायची, हाताची घडी घालायची, आभाळाकडे बघायचे, तोंडातून अक्षर काढायचे नाही. त्याचे चारी पाय जमिनीवर आले की भाकरीचा कुटका द्यायचा. नियम सगळ्यांना लागू. दूधवाला पाठमोरा होऊन दूध देऊ लागला. कुरिअरवाला पार्सल हातात धरून आभाळ बघत उभा राहू लागला. फाटकात एवढी माणसे पाठमोरी दिसू लागली, की या घरात काहीतरी बिनसले आहे अशी गल्लीत बोलवा उठली.

पण पैलवान हुशार निघाला. त्याने हिशेब केला: उडी मारली की माणूस वळतो, खाली उतरले की कुटका मिळतो, म्हणजे कुटका हवा असेल तर आधी उडी मारलीच पाहिजे.

"बाई, तुमचं कुत्रं पहिले पाडतंय आन मंग लगेच वसुलीला बसतंय," शेजारची तनुजा खांदा चोळत म्हणाली.

दुसरी एखादी बाई खचली असती. उज्वलाबाईंनी पदर खोचला. चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडायचे, एवढेच. घरी येणारा माणूस हात जोडतोच. तर हात जोडलेले दिसताच, उडीच्या आधीच, पैलवानाने बसायचे. त्या दिवसापासून हरिओमराव ऑफिसातून आले की फाटकात उभे राहून स्वतःच्या कुत्र्याला नमस्कार करू लागले. नीट बसला नाही तर बाई त्यांना पुन्हा रस्त्यावर पाठवीत. दिवसभर साहेबापुढे वाकून आलेल्या माणसाला हे जड जाई, पण कुत्रा बसू लागला. मार्गशीर्ष सरता सरता पैलवान जोडलेले हात पाहताच धप्पकन बूड टेकू लागला.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खे गाव वावरात जेवते. तात्यांच्या वावरात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहिली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडले होते, पुढे भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खिरीचा नैवेद्य. सासूबाई, म्हणजे सिंधुबाई, कुत्रा पाहताच नैवेद्यापुढे पदर पसरून उभ्या राहिल्या.

"आई, काही करणार नाही तो," उज्वलाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी फक्त हात जोडा."

पूजेला सगळ्यांनी हात जोडलेच. पैलवान बसला. एवढे जोडलेले हात त्याने जन्मात पाहिले नव्हते. एवढ्या हातांतून किती कुटके येतील या विचाराने त्याच्या गालांतून लाळेची धार लागली. पण तो हलला नाही. पूजा संपेस्तोवर पांडवांकडे नजर लावून बसून राहिला.

"आगं, हे कुत्रं न्हाई, भगत हाय!" तात्या म्हणाले. बाईंनी नवऱ्याकडे असे पाहिले, की त्याने नजर खाली घातली.

इथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण पूजेनंतर आंबील शिंपडत पिकाभोवती पळायचे असते. तात्यांनी आंबिलीचे मडके खांद्यावर घेतले आणि "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" अशी येळवशीची आरोळी देऊन धूम ठोकली. मागून पोरेटोरे, बाया, गडी, सगळे ओरडत सुटले. नांदेडच्या गल्लीत वाढलेल्या पैलवानाने माणसे एवढी शहाण्यासारखी वागताना प्रथमच पाहिली. हरिओमरावांच्या हातून त्याची साखळी सुटली, आणि तो सर्वांना मागे टाकून मडक्यापर्यंत पोचला.

पुढच्या क्षणी तात्या हरभऱ्यात उताणे होते, मडके पोटावर, आंबील मिशांत, आणि पैलवान मिशा साफ करीत होता.

"आरं धरा त्येला! कुनीतरी धरा!"

पण सवय वाईट असते. उडी दिसताच हरिओमरावांनी पाठ फिरवली, हाताची घडी घातली आणि आभाळाकडे पाहिले. उज्वलाबाईंनीही तेच केले. नांदेडहून सोबत आलेली तनुजाही वळली, आणि ही या घरची काही रीत असेल असे समजून गावातले चार गडीसुद्धा पाठमोरे होऊन आभाळ बघू लागले.

"आभाळात काय बघून राहिले रे मुडद्यांनो! इकडं मी मरून राहिलो!"

कुणी वळेना. अखेर तात्या कुत्र्यालाच म्हणाले, "हात जोडतो बाबा, सोड मला!" आणि पडल्यापडल्या त्यांनी खरोखरच हात जोडले.

पैलवान टुणकन बाजूला झाला आणि बसला.

तात्यांनी हात सोडले; तो उठला. हात जोडले, तो बसला. तात्या उठून बसले, मिशा पुसल्या, पुन्हा हात जोडून पाहिले.

"एवढं आयुष्य गेलं," ते म्हणाले, "पन या वावरात माझ्या म्हनन्याला कुनी बसलं न्हाई."

"त्ये हात जोडल्यावर बसलं," सिंधुबाई म्हणाल्या. "आमाला जोडले का कधी?"

तात्यांनी ते ऐकले नाही. "मास्तरीणबाई, हे कुत्रं हितंच ठिवा. बांधनार न्हाई. माझ्यासंगं फिरंल."

बाईंनी साखळी उचलून हाताला गुंडाळली. कुत्रा वाचावा म्हणून शिकवला आणि शिकला म्हणूनच चालला! त्यात हरिओमराव हळूच म्हणाले, "पंजा तर लागलाच. शब्द दिला होतास तू."

बाई तात्यांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ठेवा की तात्या. पण तुम्हाला तो दिसतो का धड? सांगा बरं, आत्ता कुठं बसलाय?"

"हे काय, हितं," म्हणून तात्यांनी शेजारच्या पेंडीच्या पोत्यावर मायेने हात ठेवला. पैलवान त्यांच्या पाठीमागे मडके चाटत होता.

सगळे हसले. तात्यांनी पोते चाचपले आणि हात मागे घेतला.

"आधी डोळे करून घ्या," बाई म्हणाल्या. "तोवर तो नांदेडला तुमच्याच खोलीत राहील."

कुणाच्या विनवण्यांना न बधलेले तात्या त्याच संध्याकाळी गाडीत बसले. त्यांच्या मांडीवर पैलवानाचे डोके होते. सिंधुबाई पुढे बसल्या, कारण मागे जागाच उरली नव्हती.

ऑपरेशन झाले. तात्यांना लख्ख दिसू लागले, आणि गावी जायचा विषय त्यांनी काढला नाही. पैलवान त्यांच्या खाटेखाली झोपे, त्यांच्याबरोबर फिरायला जाई, त्यांनी भुवई उचलली तरी बसे. उज्वलाबाई शाळेतून आल्या की तो दारात येई, बूड टेकी आणि शहाण्या पाहुण्यासारखा बघत राही. तनुजा तर म्हणाली, "बाई, काय वळण लावलंव हो!" बाई हसल्या, पण रिकाम्या खांद्यांनी आत जाणे त्यांना रोज जड होऊ लागले. आपणच हे केले, दोष कुणाला द्यायचा?

एके संध्याकाळी तात्या मारुतीला गेल्यावर त्यांनी दार लावले, पर्स टाकली आणि छातीवर थाप मारली.

"ये!"

पैलवान बसला.

"अरे ये की रे!"

त्याने दाराकडे पाहिले. असल्या गोष्टींना तात्यांची परवानगी नव्हती. पण बाईंनी पदर खोचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तात्या मारुतीला गेले की शिकवणी सुरू. आठवी 'क' सुद्धा एवढी चिवट नव्हती. आणि एका शनिवारी, देवळात गर्दी असल्याने तात्यांना उशीर झालेला, पैलवानाने बाईंच्या डोळ्यांत नीट पाहिले, बुडापासून नाकापर्यंत सगळा हलला आणि उडी मारली.

बाई सोफ्यावर कोसळल्या, चष्मा कुठे गेला कळले नाही, तोंडभर लाळ. तशाच पडल्यापडल्या त्यांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळले.

"शाब्बास," त्या म्हणाल्या, "पण तात्यांसमोर नको हं."