खंडेनवमीचं तबक

खंडेनवमीला पाण्याच्या पंपापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग मोठ्या चुंबकानंच काय घोडं मारलंय, असा आप्पासाहेबांचा सवाल होता. कर्वेनगरातल्या त्या संशोधन संस्थेत ते स्टोअर सांभाळत, आणि कोणी न सांगता देवधर्मही.

"आप्पासाहेब, चुंबक कायम चालू असतो," तेजस्विनी म्हणाली. तिनं पीएचडीसाठी मँगनीजचं एक संयुग बनवलं होतं. शरीरात सोडलं की आजारी पेशी स्कॅनमध्ये उजळून दिसाव्यात, अशी तिची आशा, आणि त्याची तपासणी याच चुंबकात चालली होती. "लोखंडाची टाचणीसुद्धा आत नको."

"चांदीचं तबक आणतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही. शाळेत शिकलोय."

तेजस्विनीनं हात टेकले.

'आमच्या बाबांनी दिलेलं चांदीचं तबक' हे शब्द आप्पासाहेब लग्नापासून दर दिवाळीला बायकोच्या, शकूताईंच्या, तोंडून ऐकत आले होते. मागून ते मिळालं नसतंच. म्हणून देवघराच्या कपाटातलं तबक त्यांनी गुपचूप पिशवीत घातलं. शकूताई भिशीहून परतायच्या आत जागच्या जागी गेलं नाही, तर दसरा घरात साजरा होणार नव्हता.

किल्ल्या, मोबाईल, घड्याळ बाहेर काढून ठेवलं. तेजस्विनीनं पट्टाही काढायला लावला. एका हातात पँट, दुसऱ्या हातात तबक अशा थाटात आप्पासाहेब चुंबकाजवळ गेले. कुंकू आता कोणत्या हातानं लावायचं, हे ठरतंय, तोच तबकाला ओढ लागली. पँट की तबक, असा प्रश्न क्षणभर पडला. आप्पासाहेबांनी अब्रू राखली.

ठण्ण!

"अहो, माझ्या रेषा!" तेजस्विनी किंचाळली. स्क्रीनवरचा आलेख पार विस्कटला होता.

"रेषांचं काय घेऊन बसलात! माझं तबक!"

"हिसका मारू नका! चुंबक थंड ठेवणारा आतला हेलियम उडाला तर संस्थेला कुलूप लागेल!"

शेवटी कँटीनमधून लाकडी उलथनं आलं, आणि भिंतीवरची पाल हाकलावी तसं ते तबक दोघांनी हळूहळू खाली सरकवलं.

"पण चांदी चिकटली कशी?"

"चांदी नाहीच ती. आत लोखंडी पत्रा, वरून मुलामा."

आप्पासाहेबांचा चेहरा आधी पडला आणि मग असा उजळला, की तेजस्विनीच्या मँगनीजनं लाजावं. त्यांनी तबक मुद्दाम पुन्हा चुंबकाला लावायचा आग्रह धरला. ती नाही म्हणाली, म्हणून टेबलावरच्या साध्या लोहचुंबकाला चिकटवून फोटो काढला आणि तडक मेहुण्याला पाठवला.

घरी गेल्यावर त्यांनी तबक लपवलं नाही. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं.

"शकू, तुझ्या बाबांची चांदी. लोखंड निघाली! शास्त्रीय पुरावा आहे."

शकूताईंनी तबक हातात घेतलं. "बाबांचं तबक बँकेच्या लॉकरमध्ये आहे. हे तुमच्या आईंनी मला सूनमुख बघताना दिलेलं."

"म्हणजे..."

"पहिल्याच दिवाळीला घासताना कळलं होतं मला. म्हटलं, आईंचं नाव कशाला घालवा? घरातली गोष्ट घरातच बरी."

आप्पासाहेबांनी घाईघाईनं मोबाईल काढला. मेहुण्याचं उत्तर येऊन पडलं होतं.

'दाजी, आमच्या तबकावर मोर आहे. हे तुमच्याकडचं दिसतंय. तुमच्या आईंना नमस्कार.'