हललात तरच उजेड

वीज वाचवावी तर आम्हीच! ऑफिसात मी नुसता खुर्चीतून उठलो तरी लोक घाईघाईने पंखे बंद करतात, एवढा माझा दरारा. पण घरी? आई गेल्यापासून आमच्या बाबांनी नवीनच खूळ काढलं होतं. संध्याकाळ झाली की स्वयंपाकघरातला दिवा, पंखा, फळीवरचा रेडिओ, सगळं सुरू! आणि स्वतः मात्र बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीत.

"बाबा, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग दिवा कशाला?"

"कुणी नाही, म्हणून तर."

आता याला काय म्हणावं! मी तडक वायरमनला बोलावलं आणि घरभर नवे दिवे बसवून घेतले. माणूस हलला की लागणार, हालचाल थांबली की आपोआप बंद.

बायको म्हणाली, "अहो, बाबांना एकदा विचारा तरी."

"विचारायचंय काय त्यात? आता दिव्यालाच अक्कल आहे!"

पहिल्याच संध्याकाळी बाबा पेपर उघडून बसले आणि दिवा गेला. त्यांनी हात हलवला, आला. दोन ओळी वाचतात न वाचतात तोच परत गुल! मग काय, एका हातात पेपर आणि दुसरा हात हवेत. समोरच्या काकूंनी त्यांच्या खिडकीतून पाहिलं: अंधार, उजेड, हात! पुन्हा अंधार, पुन्हा हात! त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाबा मदतीला बोलावतायत असं समजून त्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना ओढतच घेऊन आल्या.

डॉक्टरांनी बाबांना कॉटवर आडवं केलं, नाडी धरली. "अजिबात हलू नका."

दिवा गेला.

"बाबा, हला!" मी ओरडलो.

"हलू नका म्हणतो ना!" डॉक्टर.

"अहो, मग तुम्ही तरी हला!"

शेवटी काकू, बायको आणि मी, तिघं कावळे हाकल्यासारखे हात उडवत उभे! काकूंना हसू फुटलं, मग बायकोला, मग मलाही.

बाबा हसले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "तुझी आई असती तर हा दिवा एकदाही गेला नसता. तिचा पाय कधी ठरायचा का एका जागी?" मग हळूच म्हणाले, "मी बसलेला असतो रे इथे. याला वाटतं, घरात कुणीच नाही."

आमचे हात आपोआप खाली आले. आईची इतकी आठवण आली की मला रडू आवरेना. तेवढ्यात दिवा गेला, ते बरंच झालं. या वेळी कुणी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन शिडी लावता लावता म्हणाला, "काय साहेब, इतक्यात बिघडले?"

"नाही हो. अगदी बरोबर चालतात."

"मग काढायचे कशाला?"

"बरोबर चालतात, म्हणून तर."